कुलपाचा लंबक

७ जुलै

प्रिय प्रश्नोबा,

पत्र बघून दचकू नकोस. कुणी आजारी नाही, कुणाचं लग्न ठरलेलं नाही. बातमी माझीच आहे. तुझ्या आत्याने बारावीच्या परीक्षेला नाव घातलंय, बाहेरून. हसून झालं असेल तर पुढे वाच.

मी दवाखान्यात एक्स-रेच्या खोलीत मदतनीस आहे हे तुला माहीतच आहे. लोकांना झगा द्यायचा, अंगावरचं धातूचं काढायला लावायचं, "हलू नका" म्हणायचं, एवढंच माझं काम. आता तिथे नवं मशीन येतंय. ते चालवायला शिकायचं तर भौतिकशास्त्र घेऊन बारावी पास लागते. जे पास नाहीत त्यांची बदली धुलाई विभागात. चादरींशी माझं काही वैर नाही, पण मला त्या खोलीतून हलायचं नाही. हाडांचे ते काळेपांढरे फोटो मी रोज हातात धरते आणि ते निघतात कसे हे मला ठाऊक नाही. पूर्वी याची लाज वाटायची, आता राग येतो. मी बारावीला होते तेव्हा आईचं आजारपण निघालं आणि शेवटचे पेपर राहून गेले. भौतिकशास्त्र त्यातलंच.

पुस्तक मी वाचीन. घोडं अडलंय ते प्रयोगांवर. बाहेरून बसणाऱ्यांना इथे प्रयोगशाळेत पाऊल ठेवू देत नाहीत, एकदम परीक्षेलाच. तू मात्र मोठ्या शहरातल्या मोठ्या कॉलेजात. तुझा बाप, आमचा दादा, भेटेल त्याला थांबवून सांगतो, "आमचा पोरगा सायन्सला आहे." परवा त्याने पत्ता विचारायला आलेल्या माणसालाही सोडलं नाही. तर तू असं कर, लॅबमध्ये जो प्रयोग कराल तो मला नीट लिहून पाठव, आकृतीसकट, आकड्यांसकट. मी तो घरी करीन. फोन नको. फोनवर आकृती दिसत नाही, आणि आमचे हे, तुझे काका, मध्येच रिसीव्हर ओढून हवापाण्याच्या गप्पा सुरू करतात. न्हावीकाम करून करून त्यांना ती सवयच लागलीय.

लहानपणी प्रश्न विचारून तू माझं डोकं खाल्लंस. चंद्र आपल्याबरोबर का चालतो, आरशात उजवं डावं होतं तर वरचं खाली का होत नाही. आता माझी पाळी.

तुझी आत्या

२१ जुलै

प्रिय आत्या,

हसलो नाही. म्हणजे थोडासा हसलो. पण तुझं पत्र आल्यावर खूप बरं वाटलं.

इथे सगळं ठीक आहे. जागा मोठी आहे, पंखे चालतात. बाक स्टीलचे आहेत, भोकाभोकांचे. फार वेळ बसलं की पायावर ठिपके उठतात. शेजारी रोज वेगळं कुणीतरी येऊन बसतं. पण कुणी कुणाला काही विचारत नाही, त्यामुळे वाचायला बरं.

पहिला प्रयोग लंबकाचा. न ताणणारा दोरा घे, टोकाला काहीतरी जड बांध, खिळ्याला टांग. थोडासाच बाजूला घेऊन सोड आणि वीस झोके पूर्ण व्हायला किती सेकंद लागतात ते स्टॉपवॉचवर बघ. एका लांबीला तीन वेळा बघायचं, मग दोरा आखूड करून पुन्हा तसंच. सूत्र पुस्तकात आहे. लांबी आणि वेळ त्यात घातली की गुरुत्व त्वरण मिळतं. ते ९.८ च्या आसपास यायला हवं.

माझे आकडे असे. शंभर सेंटिमीटरला ४०.१, ४०.१, ४०.१. ऐंशीला ३५.९, तिन्ही वेळा. साठला ३१.१, तिन्ही वेळा. सरासरी उत्तर ९.८१. आकृती मागच्या बाजूला काढलीय.

बाबा भेटले तर सांग, अभ्यास चांगला चाललाय.

तुझा भाचा

९ ऑगस्ट

प्रिय प्रश्नोबा,

घरात प्रयोगशाळा उघडली बरं का. मधल्या खोलीच्या चौकटीला खिळा ठोकला. जड काय बांधायचं यावर बराच खल झाला आणि शेवटी काकांच्या दुकानाच्या शटरचं कुलूप बांधलं. परिणाम असा, की संध्याकाळी काका दुकान बंद करायला गेले तेव्हा कुलूप घरी झोके घेत होतं. दुकान घरासमोरच म्हणून बरं, बिचारे कुलूप न्यायला परत आले. झोके मोजायलाही मी त्यांनाच बसवलं होतं. आठ-नऊपर्यंत मोजतात आणि मग, "अगं, आज कोण आलं होतं दाढीला, सांगू का?" मग मीच मोजायचं ठरवलं.

तुमच्या बाकांचं वर्णन वाचून करमणूक झाली. आमच्या दवाखान्यात ओपीडीबाहेर असलेच बाक आहेत. कॉलेजवाल्यांनी आणि दवाखान्यावाल्यांनी एकाच दुकानातून घेतले वाटतं.

आता रडगाणं. शंभर सेंटिमीटरला मला ४०.६, ४१.३ आणि ४०.९ आले. एक आकडा दुसऱ्याशी जुळेल तर शपथ. उत्तर आलं ९.४. साठला तर ९.२. दोरा आखूड केला की आणखीच बिघडतं. तुझे मात्र तिन्ही वेळा तंतोतंत सारखे! तुझा हात किती स्थिर आहे रे. मला खरंच कौतुक वाटलं. दादालाही दाखवलं तुझं पत्र. त्याला काही कळलं नाही, पण त्याची छाती मात्र फुगली.

माझं चुकतंय कुठे, सांग.

तुझी आत्या

२६ ऑगस्ट

प्रिय आत्या,

चुकत काही नसेल. पंखा चालू असेल तर बंद कर. दार लावून घे. झोका फार मोठा देऊ नकोस. बाकी सराव. सरावाने येतं.

बाबांना माझी पत्रं दाखवू नकोस ना. त्यांना त्यातलं कळत नाही आणि ते उगाच सगळ्यांना सांगतात.

इथे खूप काम असतं, म्हणून थोडक्यात लिहितोय.

तुझा भाचा

२० सप्टेंबर

प्रिय प्रश्नोबा,

तुझ्यावर कामाचा बोजा आहे हे समजतं. म्हणून हे शेवटचं, मग तुला त्रास देणार नाही.

पंखा बंद केला. दार लावलं. खिळा बदलला. दोरा बदलला. प्रत्येक रविवारी जेवण झालं की मी स्टूलवर बसते आणि ते कुलूप सोडते. दर वेळी आकडा वेगळा. तुझ्यासारखे तीन सोड, दोनसुद्धा सारखे आले नाहीत. आणि उत्तर कायम कमीच. ९.८ ने मला अजून तोंडही दाखवलेलं नाही.

शेवटी मी आमच्या डॉक्टरांपुढे हात धरले आणि विचारलं, कापतो का? त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "या वयात थोडं चालायचंच." ते सहज बोलून गेले, पण मी ते घरी घेऊन आले. स्टॉपवॉचचं बटण वेळेवर दाबता येत नाही त्या बाईच्या हाती कोण मशीन देईल? किरण कमी पडले तर पुन्हा फोटो, जास्त गेले तर माणसाला अपाय. पुस्तक मला समजत होतं रे. प्रकाशाचा धडा तर मी भाजी चिरता चिरता काकांना शिकवला. पण हाताला जमत नसेल तर नुसत्या डोक्याचा काय उपयोग?

धुलाई विभागातल्या बाईंना भेटून आले. चांगल्या आहेत. परीक्षेतून नाव काढून घ्यायला या महिन्याअखेरपर्यंत मुदत आहे. पुढच्या सोमवारी जाऊन काढून टाकीन. वाईट वाटतंय. फार वाटतंय. पण तू जीवाला लावून घेऊ नकोस, तू आपला शिक.

तुझी आत्या

२४ सप्टेंबर

प्रिय आत्या,

नाव काढू नकोस. हे पत्र सोमवारच्या आत पोचावं म्हणून मोठ्या पोस्टात जाऊन टाकतोय. तुझ्या हाताला काहीही झालेलं नाही.

माझे आकडे खोटे आहेत. मी तो लंबक टांगलाच नव्हता. ९.८१ उत्तर धरलं आणि उलट हिशोब करून वेळ काढली. तीन वेळा वेगवेगळं लिहायला हवं हे माझ्या डोक्यातही आलं नाही, कारण मी एकदाही घड्याळ हातात घेऊन बघितलेलं नाही. मी जुलैपासून कॉलेजात जातच नाही.

कॉलेज सुरू होऊन महिनाही झाला नव्हता. सर लंबक शिकवत होते. म्हणाले, टोकाला गेल्यावर त्याचा वेग शून्य होतो. मी हात वर केला आणि विचारलं, क्षणभर तो पूर्ण थांबला, तर परत यायचं हे त्याला कसं कळतं? सर म्हणाले, "दहावीत झोपला होतास का?" सगळा वर्ग हसला. त्या वर्गात दीडशे मुलं आहेत. मग कुणी भेटलं की म्हणायचं, "काय रे, कळलं का परत यायचं?" मी नंतर काही विचारलं नाही. पहिल्या चाचणीत नापास झालो. आपल्या शाळेत मी पहिला यायचो आत्या. बाबांना पत्र लिहायला बसलो, पण मला ते गल्लीत सगळ्यांना सांगतानाच दिसायला लागले.

घरमालकीणबाईंना संशय येऊ नये म्हणून मी सकाळी बॅग घेऊन निघतो. कॉलेजच्या आधीच्या शेवटच्या चौकात एक मोठा सरकारी दवाखाना आहे. तिथे बाहेर बसायला जागा आहे, पंखे आहेत आणि का बसलास म्हणून कुणी विचारत नाही. सगळेच काळजीत असतात. मी तिथे बसून पुस्तक वाचतो. बाक तिथलेच. तू ओळखलेस आणि मला दरदरून घाम फुटला.

तू हात डॉक्टरांना दाखवलास हे वाचलं आणि मला रडू आलं. शेजारच्या आजींना वाटलं माझं कुणी गेलं. त्यांनी मला पाणी दिलं.

मला प्रश्नोबा म्हणू नकोस यापुढे.

तुझा भाचा

१ ऑक्टोबर

प्रिय प्रश्नोबा,

म्हणणार. नाव मी ठेवलंय, ते काढून घ्यायचं की नाही हे मी ठरवीन.

परीक्षेतूनही नाव काढलेलं नाही. तुझं पत्र शनिवारी पोचलं.

आधी रागावले. सांगून टाकते, चांगली दोन दिवस रागावले. रविवारमागून रविवार मी त्या कुलपासमोर बसून स्वतःला दोष दिला आणि तू तिकडे बाकावर बसून आकडे पाडत होतास! काकांनी चहा पुढे केला तर त्यांच्यावरही ओरडले. त्यांचा काय दोष? ते म्हणाले, "पोरगा एकटा बसतो तिथे, आणि तू आकड्यांचं काय घेऊन बसलीस?" मग मी तो चहा प्यायले.

मग तुझं जुलैचं पत्र काढलं. मनात आलं, आपणही उत्तरापासून उलट जाऊन बघावं. वाटलं तेवढं सोपं नाही रे ते! सूत्र उलटं करायचं, वर्गमूळ काढायचं, वीसने गुणायचं, आणि प्रत्येक लांबीचा आकडा असा बसवायचा की सरासरी बरोब्बर ९.८१ यावी. माझी अख्खी दुपार एका लांबीत गेली. तू ते दवाखान्याच्या बाकावर, मांडीवर वही ठेवून केलंस, आणि कुणी शिकवलेलं नसताना. जो मुलगा खोटे आकडे इतके नीट बसवतो, त्याला भौतिकशास्त्र येत नाही असं मला कुणी सांगायला येऊ नये. तू तर अजिबात येऊ नकोस.

तुझा प्रश्न मी तीनदा वाचला. काकांनाही विचारला. ते म्हणाले, "खरंच की, थांबला तर परत का यावा?" आम्हा दोघांनाही उत्तर येत नाही आणि आम्हाला ते हवंय. वर्ग हसला तो हसू दे. त्या दीडशेंतल्या किती जणांना उत्तर येत होतं, याची मला शंकाच आहे.

तर तू आता लॅबमध्ये जा. तिथे कुणी असेल त्याला खरं काय ते सांग. लंबक स्वतःच्या हाताने टांग आणि मला तुझे आकडे पाठव, जसे येतील तसे. माझे आकडे खोटे नाहीत हे मला बघायचंय.

दादाला मी सांगणार नाही. ते तुझं तू सांग. पण फार उशीर करू नकोस. तुझा बाप बढाईखोर आहे, दुष्ट नाही.

तुझी आत्या

३० ऑक्टोबर

प्रिय आत्या,

गेलो. पहिल्या दिवशी दारापर्यंत जाऊन परत आलो. दुसऱ्या दिवशी आत गेलो.

लॅबला एक मॅडम आहेत, बुटक्या, कायम खडूने भरलेला पांढरा कोट. त्यांनी विचारलं, "इतके दिवस कुठे होतास?" मी सांगितलं, दवाखान्यात बसलो होतो. त्या म्हणाल्या, "आजारी?" म्हटलं, नाही, नुसता बसलो होतो. त्या म्हणाल्या, "शनिवारी ये. राहिलेल्यांचे प्रयोग मी शनिवारी घेते. आकडे माझ्यासमोर लिहायचे, पेनने, आणि खोडायचं नाही." एवढंच.

माझे शंभर सेंटिमीटरचे आकडे: ३९.८, ४०.६, ४०.२. आत्या, हे बघून मी लॅबमध्ये मोठ्याने हसलो. किती घाणेरडे आहेत बघ! मी मॅडमना विचारलं, माझा हात कापतो का? म्हणाल्या, "सगळ्यांचाच आकडा असा हलतो. डोळ्याने बघून बोटाने दाबेपर्यंत वेळ जातोच. म्हणून तर तीन वेळा घ्यायचे. सारखे आले असते तर मी तुला बाहेर काढलं असतं."

आता तुझं उत्तर कमी का यायचं ते. मी दोरा मोजून लांबी लिहिली तर मॅडमनी गोळ्यावर पेन्सिल आपटली. "आणि हा? हा काय नुसता शोभेला आहे?" लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची असते. पुस्तकातलं ते वाक्य मला पाठ आहे, पण तुला लिहिताना सुचलंच नाही, कारण माझ्या हातात गोळा नव्हता. तुझं कुलूप तर चांगलं लांबलचक असेल. तू फक्त दोरा मोजलास ना? म्हणूनच दोरा आखूड केला की जास्त बिघडायचं. दोष तुझ्या हाताचा नाही, माझ्या पत्राचा आहे.

आणि प्रश्न. मी मॅडमना तोही विचारला, खाली मान घालून. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "गोळ्याला बोट लावून बाजूला धर. आणखी बाजूला. बोटाला काय कळतंय?" जितका लांब न्यावा तितका तो बोटावर जास्त रेटतो. मधोमध आणला की काहीच नाही. "टोकाला वेग शून्य असतो, बल शून्य नसतं. बल तिथेच सगळ्यात जास्त. म्हणून तो थांबला तरी तिथे राहू शकत नाही." मी कितीतरी वेळ तसंच बोट लावून उभा होतो. तूही करून बघ.

बाबांना काल पत्र टाकलं. सगळं लिहिलंय. आता मला भीती वाटतेय.

तुझा भाचा

१८ नोव्हेंबर

प्रिय प्रश्नोबा,

कुलपाचा मध्य शोधायला मी ते पट्टीच्या धारेवर तोललं. कडीपासून चार सेंटिमीटर निघाले. चार सेंटिमीटरपायी मी धुलाई विभागात निघाले होते! जुन्याच आकड्यांत ते घातले आणि उत्तर आलं ९.८. मी किंचाळले. काका हातात वस्तरा घेऊन दुकानातून धावत आले, मागून अर्ध्या गालाला साबण लावलेलं गिऱ्हाईक. त्या गिऱ्हाइकालाही मी समजावून सांगितलं. बिचारा "छान, छान" म्हणाला.

बोट लावून बघितलं. खरंच रेटतं.

आता ऐक. दादा आला होता. तुझं पत्र खिशात. आल्या आल्या म्हणाला, "तुला ठाऊक होतं?" मी म्हटलं, हो. मग त्याने स्टूल ओढलं. लंबकाला हात लावून बघत बसला. एरवी आपल्या घरात त्याच्याशिवाय कुणाला बोलायची संधी मिळते का? मग एकदम म्हणाला, "पोरगा नापास झाला तर दवाखान्यात जाऊन बसतो, घरी येत नाही. मी त्याला एवढा घाबरवतो का गं?"

माझ्या तोंडावर "छे रे" आलं होतं. पण आता या घरात खोटे आकडे नकोत. मी म्हटलं, "हो दादा. थोडा घाबरवतोस."

तो जेवायला थांबला नाही. तुला पत्र लिहीन म्हणाला. त्याला लिहायला वेळ लागेल. धीर धर.

तुझी आत्या

१४ जानेवारी

प्रिय आत्या,

कार्डच लिहितोय, अभ्यास आहे. शनिवारचे सगळे प्रयोग संपले, मॅडमनी सही केली. मला परीक्षेला बसता येईल. वर्गातही जातो. मागे बसतो, पण जातो.

बाबांचं पत्र अजून आलं नाही. मनिऑर्डर येते, तिच्या तळाशी नुसती सही असते. तुझं प्रॅक्टिकल कधी?

तुझा भाचा

१० फेब्रुवारी

प्रिय प्रश्नोबा,

झालं! काल झालं!

प्रयोगशाळेत सगळी तुझ्या वयाची पोरं आणि मधेच मी. एका मुलीने मला विचारलं, "मॅडम, उत्तरपत्रिका कधी देणार?" मी म्हटलं, बाळ, मलाही मिळायचीय.

चिठ्ठीत भिंगाचा प्रयोग आला. लंबक आला नाही म्हणून क्षणभर हिरमुसले, पण भिंगही ओळखीचं होतं. आकडे घेतले, जसे आले तसे लिहिले. परीक्षक वयस्कर होते. कागद बघून म्हणाले, "बाई, हे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत." शेजारची पोरं पटापट खाडाखोड करत होती. पण मी म्हटलं, "नाही जुळत. पण माझेच आहेत, सर." त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि पान उलटलं.

मग तोंडी. भिंगाचं थोडं विचारलं आणि मग म्हणाले, "लंबक टोकाला थांबतो. मग परत का येतो?" प्रश्नोबा, मला हसूच फुटलं! मी म्हटलं, "सर, बोट द्या." मांडणीवर एक लंबक टांगलेला होता. त्यांचं बोट मी गोळ्याला लावलं आणि बाजूला नेलं. म्हटलं, "वेग शून्य आहे. पण कळतंय ना?" ते म्हणाले, "कळतंय." आणि मग विचारलं, "हे कुणी शिकवलं?" मी म्हटलं, माझ्या भाच्याने. तो शहरात सायन्सला आहे. दादाचं वारं मलाही लागलं बघ.

निकाल लागेल तेव्हा लागेल, पण माझी चादरींची भीती गेली. तुझं प्रॅक्टिकल पुढच्या आठवड्यात ना? दादाला मी तारीख सांगून ठेवलीय. तो नुसतं "हं" म्हणाला.

तुझी आत्या

२० फेब्रुवारी

प्रिय आत्या,

माझंही झालं. लंबकच आला. आकडे घाणेरडे आले, तसेच लिहिले, लांबी मध्यापर्यंत धरली. चांगलं गेलं.

पण मला तुला सकाळचं सांगायचंय. मी खोलीतून निघालो तर दारात बाबा. हातात पिशवी, रात्रभर प्रवास करून आलेले, दाढी वाढलेली. मी एकदम मागे सरकलो. ते म्हणाले, "तुझ्याबरोबर कॉलेजपर्यंत येतो." चालत निघालो. शेवटच्या चौकात आलो तेव्हा ते थांबले आणि म्हणाले, "तो दवाखाना हाच का?"

मी हो म्हटलं. म्हणाले, "दाखव."

आत गेलो. माझ्या बाकावर जागा रिकामी होती. बाबा बसले. मला शेजारी बसायला सांगितलं. समोर लोक रांगेत उभे होते, एक बाळ रडत होतं. बाबा सगळीकडे बघत राहिले. पंखा, खिडकी, भिंतीवरचं घड्याळ. मग हाताने बाक चाचपला आणि म्हणाले, "टोचतं रे हे. इतके महिने इथे बसलास?" मी मान हलवली. मग ते म्हणाले, "मी लिहायला बसायचो. जमायचं नाही. म्हणून आलो." आत्या, बाबांना मी असं कधी बघितलं नव्हतं. मला तिथेच त्यांना मिठी मारावीशी वाटली आणि मी मारली.

तेवढ्यात खिडकीवरच्या बाईंनी ओरडून विचारलं, "तुमचा नंबर कितवा?" बाबा उठले, डोळे पुसले आणि म्हणाले, "आमचा इथे नंबर नाही हो. याची परीक्षा आहे."

मग त्यांनी माझी बॅग उचलली, आणि कॉलेजच्या फाटकापर्यंत मला परत दिली नाही.

तुझा प्रश्नोबा